खुलं पत्र: माती की गादी, तेवढं तरी छापा

प्रति,
ऑटो मासिकांचे संपादक आणि रोड टेस्ट करणारी सगळी टीम, अमेरिकेतलीही आणि आपल्याकडचीही

नमस्कार,

मी मूळची कोल्हापूरची, गेली सतरा वर्षं कॅलिफोर्नियात सॅन होजेला आहे, चिप टेस्टिंगमध्ये नोकरी करते आणि माझ्याकडे २०१९ ची माझदा मियाटा आहे, म्हणजे बाकीच्या जगात जिला एमएक्स-५ म्हणतात ती दोन सीटांची स्पोर्ट्स कार, लाल, कापडी टपाची, मॅन्युअल. नवी घेतली होती, आता ७१ हजार मैल झालेत, ऑइल मी स्वतः बदलते. हे आधीच सांगून टाकते म्हणजे मी कुठल्या गाडीत बसून बोलतेय ते तुम्हाला कळेल.

मराठीत लिहितेय कारण ज्या भांडणामुळे हे लिहावं लागलं ते मराठीतच झालं, आणि पुण्या-नाशकात बसून इकडच्या मासिकांचे आकडे पाठ करणारी, त्यावरून रात्र रात्र वाद घालणारी पोरंही मराठीच आहेत. त्यांच्या गल्लीत ना मियाटा मिळते ना टोयोटाची स्पोर्ट्स कार जीआर८६, कंपन्यांनी भारतात अधिकृतपणे आणल्याच नाहीत, तरी त्यांना दोन्हींचं वजन माहिती असतं. एवढा तुमचा शब्द लांब जातो.

तर झालं असं. आमचा इथे बारा-चौदा मराठी गाडीवाल्यांचा ग्रुप आहे. शनिवारी पहाटे सहाला निघायचं, वुडसाइडवरून हायवे ८४ ने डोंगर चढायचा, वर जिथे ८४ आणि स्कायलाइनचा ३५ भेटतात त्या चौकात चहा-कॉफी घ्यायची, आणि सायकलवाल्यांची गर्दी व्हायच्या आत खाली. मागे एका मासिकात टोयोटा जीआर८६ आणि मियाटाची तुलना आली. मासिकाचं नाव घेत नाही, कारण हा दोष एकाचा नाही. जीआर८६ पहिली, मियाटा दुसरी. ग्रुपमध्ये जीआर८६ असलेला आमचा एक नाशिककर मित्र आहे, त्याने सकाळी सकाळी त्या पानाचा फोटो टाकला, खाली एक शब्दही नाही, आणि पुढचे तीन दिवस नुसता आगडोंब. कोण म्हणतंय टेस्ट विकत घेतलेली, कोण म्हणतंय मियाटावाल्यांना हरणं सहन होत नाही, बीआरझेडवाले (सुबारूची, जीआर८६ ची जुळी बहीण) मध्येच आमची कुठे गेली म्हणून, एकजण तर ग्रुपच सोडून गेला, ज्याच्या घरी आम्ही दर दिवाळीला फराळाला जमायचो तो.

पण मी हे पत्र त्या भांडणासाठी लिहीत नाहीये, भांडणं होतात आणि मिटतात. मी लिहितेय ते ग्रुपमधल्या सगळ्यात लहान मुलासाठी. सोलापूरचा आहे, इथे एमएस केलं, पहिली नोकरी लागली आणि पहिल्या सहा महिन्यांचे पैसे साठवून त्याने सेकंडहँड २०१७ ची मियाटा घेतली, आईवडिलांना व्हिडिओ कॉलवर टप उघडून दाखवला. त्या तिसऱ्या रात्री त्याने मला वेगळा मेसेज केला, ताई मी घाई केली का? चुकीची गाडी घेतली का?

आता बघा. तुम्ही जी मियाटा टेस्ट केली होती ती त्याच्याकडे नव्हतीच. २०१९ च्या मॉडेलपासून या गाडीच्या दोन लिटर इंजिनाची ताकद १५५ हॉर्सपॉवरवरून १८१ झाली, रेडलाइन, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांची (आरपीएम) मर्यादा, ६,८०० वरून ७,५०० वर गेली, आणि २०२४ ला डिफरन्शियलसुद्धा (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा भाग) नवीन आलं. त्याची २०१७ ची आणि तुमची टेस्ट केलेली या दिसायला बहिणी असल्या तरी स्वभावाने वेगळ्या आहेत. त्यात त्याच्या गाडीला आधीच्या मालकाने स्वस्तातले ऑल-सीझन टायर घातलेले. मी त्याच्या गाडीतून त्याच रस्त्याने गेले तेव्हा तिसऱ्याच वळणाला कळलं की ही पकड गाडीची नाही, टायरची आहे. पण तो म्हणाला ताई, मासिकात पण लिहिलंय ना की मियाटा हरली. हेडलाइनमध्ये गाडीचं नाव होतं. वर्ष नव्हतं, ट्रिम (त्याच मॉडेलचा कुठला प्रकार) नव्हती, टायर नव्हते.

आमच्या कोल्हापुरात कुस्ती म्हणजे काय हे तुम्हाला वेगळं सांगत नाही, माझे आजोबा मला खांद्यावर बसवून खासबाग मैदानात न्यायचे. घरी आल्यावर कुणी विचारलं अमका पैलवान हरला का, तर आजोबांचं पहिलं वाक्य, मातीत का गादीवर? महाराष्ट्र केसरीला आजही माती विभाग वेगळा आणि गादी विभाग वेगळा, दोन्हीकडचे विजेते शेवटी एकमेकांशी भिडतात, आणि ती शेवटची कुस्ती कशावर झाली हे गावातल्या पोराटोराला माहीत असतं. कारण मातीवरचा पाय आणि गादीवरचा पाय वेगळा पडतो. यात हरलेल्याची कुणी बाजू घेत नसतं, निकाल तोच राहतो, फक्त तो निकाल कशाचा आहे ते कळतं.

माझं रोजचं कामही तेच आहे. चिपचा कुठलाही आकडा आम्ही कागदावर लिहितो तेव्हा शेजारी तापमान, व्होल्टेज, किती नग मोजले हे लिहावंच लागतं, २५ डिग्रीला आलेला आकडा ८५ डिग्रीला येत नाही. कंडिशन न लिहिता आकडा दिला तर रिपोर्ट परत येतो, कितीही सीनियर असा. आणि तुम्ही गाडी जमिनीवर, ऊन-वाऱ्यात, माणसाच्या हाताने चालवून मोजता, आणि मोठ्या अक्षरात छापता ५.८ सेकंद.

त्या आकड्याचंच घ्या. अमेरिकेतल्या बहुतेक मासिकांत शून्य ते साठ मैल मोजताना गाडी पहिला एक फूट पुढे सरकेपर्यंतचा वेळ धरतच नाहीत, रोलआउट म्हणतात त्याला. ड्रॅग स्ट्रिपवरच्या लाइट बीममधून आलेली ही जुनी पद्धत, त्यात लबाडी काही नाही, पण त्याने साधारण दोन-तीन दशांश सेकंद वाचतात. आणि साठ मैल म्हणजे साडेशहाण्णव किलोमीटर. भारतातला वाचक शून्य ते शंभर बघतो, बहुतेक वेळा रोलआउट न वजा करता मोजलेलं. मग पुण्यातला पोरगा हे दोन आकडे शेजारी ठेवून म्हणतो ही गाडी त्या गाडीपेक्षा पाऊण सेकंदाने फास्ट. त्या पाऊण सेकंदात गाडी किती आणि मोजपट्टी किती हे त्याला कोण सांगणार? बरं, तुमचा ड्रायव्हर पाच हजार आरपीएमवर क्लच सोडून तो आकडा काढतो, आम्ही नाही सोडत, आमचा क्लच आमच्या पगारातून येतो.

टायरचं तर काय सांगू. २०१२ ला पहिली टोयोटा ८६ आली (अमेरिकेत तेव्हा सायन एफआर-एस नावाने) तेव्हा तिला मिशलिनचे प्रायमसी टायर होते, ज्या जातीचे टोयोटाच्याच हायब्रिड प्रियसला मिळायचे, आणि ते मुद्दाम होते, कमी स्पीडला मागचा भाग सरकावा, माणसाला गाडीशी खेळता यावं म्हणून. आताच्या जीआर८६ लाही खालच्या ट्रिममध्ये १७ इंची चाकावर प्रायमसी येतात आणि वरच्या ट्रिममध्ये १८ इंचीवर पायलट स्पोर्ट ४. गाडी एकच, इंजिन एकच, पण एक घसरते आणि एक चिकटते. मियाटाचंही तसंच, क्लब ट्रिममध्ये बिलस्टीनचे डॅम्पर (शॉक अॅब्झॉर्बर) आणि लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, आणि कडक टपाची आरएफ आणली तर वजन पन्नासेक किलोने वाढतं, सगळं वर डोक्याजवळ. प्रेस फ्लीटमध्ये, म्हणजे कंपन्या टेस्टसाठी देतात त्या गाड्यांत, त्या आठवड्याला जी गाडी मोकळी असते ती येते, हे आम्हाला कळतं, तुमचाही नाइलाज असतो. मग तेवढं लिहा ना, की आम्हाला हीच मिळाली.

आता कागदावर या दोन गाड्या बघा. मियाटा साधारण १,०६० किलो आणि १८१ हॉर्सपॉवर, जीआर८६ साधारण १,२७५ किलो आणि २२८. भागाकार केला तर एका हॉर्सपॉवरला एकीत ५.९ किलो, दुसरीत ५.६. म्हणजे जवळजवळ बरोबरी. पण एका गाडीत तांदळाची पन्नास किलोची चार पोती जास्त आहेत आणि ती ओढायला तेवढं मोठं इंजिन आहे, दोन्हींचा विचार करायचा मार्गच वेगळा. जीआर८६ ला मागे दोन सीटा आहेत, त्या पाडल्या की रेस ट्रॅकला न्यायचे चार टायर आत बसतात, मियाटाच्या डिकीत १३० लिटर जागा, आठवड्याचा भाजीपाला नीट रचून ठेवला तर मावतो. आमच्या नाशिककराला दोन मुलं आहेत, तो मियाटा घेऊच शकत नव्हता. मला टप उघडून रेडवुडच्या झाडांचा वास घेत जायचं होतं, मी जीआर८६ घेऊच शकत नव्हते. यात पहिली कोण आणि दुसरी कोण?

त्या टेस्टमध्ये गुणपत्रिका होती, सगळे मिळून दोनशेच्या वर गुण आणि शेवटी फरक तीन गुणांचा. त्यातले बरेच गुण ‘बघताक्षणी हवीशी वाटते का’ या रकान्यातले. म्हणजे टेस्ट करणाऱ्या चार माणसांचं मन. मनाला गुण द्यायला माझी हरकत नाही, स्पोर्ट्स कार माणूस मनानेच घेतो, पण मग ते चार जण कोण, त्यातल्या कुणाला काय आवडलं हे वेगवेगळं छापा. चौघांची बेरीज करून त्यावर ‘विजेता’ लिहिलं की ते मत राहत नाही, न्यायनिवाडा होतो. आणि त्या चौघांत एकही बाई नव्हती, हेही लिहून ठेवते. मियाटाला ‘बायकांची गाडी’ म्हणून हसायची जी सवय वाचकांना लागली ती कुठून लागली याचा विचार तुमच्या ऑफिसात व्हावा असं मला मनापासून वाटतं. पेट्रोल भरताना मला आजवर कितीतरी वेळा विचारलंय, नवऱ्याची गाडी का?

आम्ही आमच्या परीने एकदा करून पाहिलं. इथे मोठ्या रिकाम्या पार्किंगमध्ये ऑटोक्रॉस होतात, शंकू मांडून रस्ता आखायचा, एकेकाने जायचं, शंकू पाडला की दोन सेकंद दंड. पहिल्या वेळी नाशिककर माझ्यापेक्षा १.१ सेकंदाने पुढे. माझे टायर चार वर्षांचे, त्याचे महिन्याचे. मी नवे घेतले, त्याने घेतलेत तेच, दोनशे ट्रेडवेअरचे, म्हणजे लवकर झिजणारे पण जास्त पकडीचे, आणि त्याच पार्किंगमध्ये दोन महिन्यांनी मी ०.३ ने पुढे. मग आम्ही गाड्या बदलल्या, मी त्याच्या गाडीत, तो माझ्या, आणि दोघंही आपापल्या वेळेपेक्षा मागे पडलो, तो तर चांगलाच. हा शास्त्रीय प्रयोग नव्हता, आखणी वेगळी होती, ऊन वेगळं होतं, मी स्वतःच्या ऑफिसात हा रिपोर्ट पास केला नसता. पण टायरचं वय आणि हाताची सवय मिळून गाडीतल्या फरकापेक्षा जास्त भरतात एवढं आम्हा दोघांना पटलं, आणि त्यानंतर तो आणि मी या विषयावर कधी भांडलो नाही. तुमच्या ड्रायव्हरला एक गाडी दोन दिवस मिळते. त्याच्या हाताला त्यातली कुठली लवकर जमली हेही निकालात येतं की नाही?

हा फक्त आमच्यासारख्या छोट्या गाड्यांचा मामला नाही. २००८ ला निस्सानने जीटी-आरची जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग ट्रॅकवरची वेळ ७ मिनिटं २९ सेकंद सांगितली, पोर्शने स्वतः एक जीटी-आर विकत घेतली, त्याच ट्रॅकवर नेली आणि म्हणाले आमच्या माणसाला ७ मिनिटं ५४. तोच ट्रॅक, तेच मॉडेल, पंचवीस सेकंदांचा फरक. निस्सानने ते मानलं नाही. ड्रायव्हरची ओळख, टायर, हवा, यावर किती शाई सांडली, आणि दोन्ही गाड्यांचे मालक त्यावरून वर्षानुवर्षं एकमेकांना खोटारडे म्हणत राहिले, ज्यातल्या बहुतेकांनी तो ट्रॅक डोळ्यांनी पाहिलासुद्धा नसेल. एवढ्या मोठ्या कंपन्यांची ही गत, तर पार्किंग लॉटमधल्या आमच्या सोलापूरच्या पोराने कशावर विश्वास ठेवायचा.

माझा तुमच्यावर राग आहे असं वाटत असेल तर तसं नाही, उलट आहे. माझी गाडी तुमच्यातल्याच एकामुळे जन्माला आली. सत्तरच्या दशकात मोटर ट्रेंडमध्ये काम करणारा बॉब हॉल, जपानी चांगलं बोलणारा पत्रकार, माझदाच्या केनिची यामामोतोंना भेटला, पुढे कुठली गाडी करावी असा विषय निघाला आणि हा म्हणाला जुन्या ब्रिटिश रोडस्टरसारखी करा, हलकी, स्वस्त, उघड्या टपाची. पुढे तो स्वतः माझदात गेला. फेब्रुवारी १९८९ ला शिकागोच्या शोमध्ये ती आली तेव्हा फक्त १.६ लिटरचं, ११६ हॉर्सपॉवरचं इंजिन होतं, आणि २०१६ ला दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. दोन सीटांच्या स्पोर्ट्स कारमध्ये एवढी कुठलीच विकली गेली नाही. एका पत्रकाराने कागदावर मांडलेली इच्छा होती ती.

आणि तुमची टीका कारखान्यात वाचली जाते हेही मी बघितलंय. पहिल्या ८६ ला साडेतीन-चार हजार आरपीएमच्या आसपास टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, पडायचा, तुम्ही वर्षानुवर्षं लिहिलंत, आणि २.४ लिटरच्या नव्या इंजिनात तो खड्डा भरला, टॉर्क १५६ वरून १८४ पौंड-फूट झाला आणि तोही ३,७०० आरपीएमलाच मिळतो. मियाटाचं स्टिअरिंग पुढे-मागे होत नाही म्हणून तुम्ही ओरडलात, २०१९ ला ते व्हायला लागलं. माझी आई साडेचार फुटांची, ती इथे आली तेव्हा त्या स्टिअरिंगमुळे तिला पार्किंगमध्ये का होईना गाडी चालवता आली. हे तुमचं काम आहे आणि ते फार मोलाचं आहे. ‘हिचा टॉर्क इथे पडतो’ हे वाक्य गाडी सुधारतं. ‘ही दुसरी आली’ या वाक्याने कुठली गाडी सुधारली?

म्हणून मागणं एवढंच. तुलनेच्या पानावर एक चौकट ठेवा आणि त्यात गाडीचं मॉडेल वर्ष, ट्रिम, टायरचं नाव, किती झिजलेले, त्या दिवशीचं तापमान, रोलआउट धरला की नाही, आणि गाडी कंपनीने पाठवली की शोरूममधून आणली हे लिहा. हे सगळं तुमच्या टेस्टवाल्याच्या वहीत आधीच असतं, मला खात्री आहे, कारण वहीत नसेल तर तुमचे आकडे कुणीच मानू नयेत. ज्या दोन गाड्यांना एकाच मॉडेलचे टायर मिळू शकतात त्यांना एकदा तरी तेच टायर घालून बघा. मियाटाला पुढे-मागे चारही चाकांचा कॅम्बर (चाकाचा उभा कल) सेट करता येतो, कंपनीने दिलेल्या सेटिंगवर चालवलीत की व्हील अलाइनमेंट करून घेतलीत तेही लिहा. क्रमांक द्यायचाच असेल तर द्या, मी अडवणारी कोण, पण हेडलाइनमध्ये वर्ष घाला. आणि पाच वर्षांनी ती गाडी परत आणा, कुणातरी मालकाची, ६०-७० हजार मैल चाललेली. कापडी टपाला शिवणीपाशी काय होतं, दुसऱ्या गिअरला थंडीत काय होतं, सीटच्या कडेचं लेदर कधी फाटतं, हे कुणीच लिहीत नाही आणि सेकंडहँड घेणाऱ्या पोराला नेमकं तेच हवं असतं.

आपल्याकडच्या मासिकांना एक वेगळं सांगते. लहानपणी मी सॅन स्टॉर्मचा फोटो कापून कपाटाच्या आत चिकटवला होता, गोव्याची ती दोन सीटांची उघडी गाडी, फायबरची बॉडी, रेनॉचं छोटं इंजिन. तिला कुणाशी तुलना करून कुणी नापास केली की नाही मला माहीत नव्हतं, मला फक्त एवढं कळलं होतं की अशी गाडी आपल्याकडेही होऊ शकते. तुमचा वाचक अजून त्या वयाचा आहे, त्याला इकडचे उसने आकडे देताना कुठल्या मोजपट्टीचे आहेत ते सांगत जा.

सोलापूरच्या मुलाने गाडी विकली. तीन आठवड्यांत, घेतली त्यापेक्षा बऱ्याच कमी पैशांत. गाडी त्याची, पैसे त्याचे, मी काही बोलले नाही. जीआर८६ बुक केलीय, चांगली गाडी आहे, तो खूश होईल. पण विकायच्या आदल्या शनिवारी तो डोंगरावर आला होता, मी म्हटलं एकदा माझे टायर लावून बघ, दोन्ही गाड्यांना चाकं सारखीच बसतात, अर्ध्या तासाचं काम. तो म्हणाला नको ताई, आता आवडली तर अजून त्रास होईल.

पुढची तुलना जेव्हा कराल तेव्हा आमच्याकडे या. माझी मियाटा आणि नाशिककराची जीआर८६, दोन्ही मिळतील, दोघांना एकाच मॉडेलचे टायर आहेत, बाजूवरचे चार आकडे वाचलेत तर कुठल्या आठवड्यात बनलेत तेही कळेल. शनिवारी सकाळी सातला ८४ आणि ३५ च्या चौकात आम्ही असतो.

आपली,
एक वाचक, सॅन होजे